रफची सेटिंग फाइल: चार माणसांच्या ऑफिसातला वर्षभराचा अनुभव

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, एका औषध दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. माणसं चार. काम सगळं दूध संस्थांचं: सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, पावती, पंधरवड्याचं बिल. खानापूर, निपाणीकडच्या संस्थांना पावती मराठीत लागते, बैलहोंगल-कित्तूरकडे कन्नडात, आणि काही गावं अशी की एकाच रांगेतल्या दोन उत्पादकांना दोन भाषांत द्यावी लागते. कोड सगळा पायथनमध्ये. हे आधीच सांगते, कारण रफबद्दल, म्हणजे पायथन कोडातल्या चुका दाखवणाऱ्या साधनाबद्दल, माझं जे मत झालंय ते या पावत्यांमुळेच झालंय.

वर्षभरापूर्वीपर्यंत कोड तपासायचं काम एकट्या माझ्याकडे होतं. पोरं दिवसभर लिहायची आणि मी रात्री नऊनंतर, स्वयंपाकघर आवरून, लॅपटॉप उघडून एकेक बदल वाचायची. दमलेल्या डोळ्यांना काय दिसणार? न वापरलेला इम्पोर्ट, विसरून राहिलेलं प्रिंट, चुकीचं इंडेंटेशन, यातच माझा तास जायचा. दराचं गणित बरोबर आहे का, हे बघायची वेळ आली की झोप यायची. म्हणून मध्ये तीन महिने पैसे भरून एक सेवा घेतली, बदल पाठवला की आपोआप शेरे लिहिणारी. नाव घेत नाही. दहा ओळींच्या बदलावर वीस शेरे यायचे, त्यातले दोन कामाचे. पोरांनी आठवड्याभरात शेरे वाचणंच सोडलं. अर्थात तिचीही सेटिंग फाइल होती आणि ती आम्ही उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. तो दोष आमचा. पण त्यातून एक शिकले आणि रफ घेताना पहिल्या दिवसापासून फाइलकडे लक्ष दिलं.

रफ म्हणजे पायथनचा लिंटर. कोड न चालवता नुसता वाचून चुका दाखवतो, काही स्वतः दुरुस्तही करतो. चार्ली मार्श यांनी २०२२ मध्ये सुरू केलेला, पुढे त्यांच्या अ‍ॅस्ट्रल कंपनीतून वाढलेला. स्वतः रस्ट भाषेत लिहिलेला आहे, म्हणून वेग असा की सुरुवातीला आम्हाला वाटलं चाललाच नाही. एंटर दाबला आणि उत्तर समोर. परवाना एमआयटीचा, एक रुपया लागत नाही. आणि नेट लागत नाही, हे आमच्या गावाला फार महत्त्वाचं. जुलैत पाऊस लागला की लाइट जाते, राउटर बंद, मोबाइलला रेंज एक कांडी. अशा दुपारी पोरं लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करत होती आणि तपासणी तशीच चालू होती. आधीच्या सेवेत हे शक्यच नव्हतं.

आता फाइलबद्दल. रफ आपल्या सेटिंग तीन ठिकाणी शोधतो: 'रफ डॉट टॉमल', तीच फाइल नावाच्या सुरुवातीला टिंब देऊन, किंवा प्रकल्पाच्या 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल'मध्ये वेगळा भाग करून. एकाच फोल्डरमध्ये दोन्ही असल्या तर रफची स्वतःची फाइल चालते आणि पायप्रोजेक्टमधला भाग बघितलाच जात नाही. आम्ही एक पूर्ण सकाळ पायप्रोजेक्टमध्ये बदल करत बसलो होतो आणि काहीच फरक पडत नव्हता. कुणीतरी आधी करून ठेवलेली रफ डॉट टॉमल शेजारीच पडलेली. 'शो-सेटिंग्ज' हा पर्याय देऊन चालवलं की रफ नेमक्या कुठल्या सेटिंगवर चाललाय ते सगळं छापून दाखवतो. हे त्या दिवशी माहीत असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

रफमध्ये ८०० हून जास्त नियम आहेत, पण मुळात चालू असतात थोडेच: पायफ्लेक्स या जुन्या लिंटरचे 'एफ'ने सुरू होणारे आणि 'ई'मधले निवडक. बाकीचे आपण मागायचे. मी उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी 'सिलेक्ट'समोर 'ऑल' लिहिलं. तीन हजारांवर इशारे आले. निपाणीचा पोरगा स्क्रीनकडे बघून म्हणाला, "ताई, एवढं सगळं चुकलंय म्हणजे आता नवीनच लिहूया की." त्याच्या आवाजातली निराशा ऐकून मी ती ओळ तिथल्या तिथे काढली. 'ऑल' लिहिण्यात आणखी एक अडचण आहे: रफची नवी आवृत्ती आली की तिच्यातले नवे नियमही न विचारता आपल्यावर लागू होतात. काल पास झालेला कोड आज नापास.

मग ठरवलं, दर सोमवारी नियमांचं एकच कुटुंब चालू करायचं. 'स्टॅटिस्टिक्स' पर्याय देऊन आधी बघायचं की त्या कुटुंबाचे किती इशारे आहेत, आठवड्यात ते निस्तरायचे, पुढचं कुटुंब पुढच्या सोमवारी. आणि फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर मराठीत लिहायचं की हा नियम का घेतला, किंवा का वगळला. ही एक अट मी घातली आणि ती पाळली गेली. चाचण्यांच्या फोल्डरमध्ये 'असर्ट' वापरायला मुभा, मायग्रेशनच्या फाइली तपासायच्या नाहीत, ओळ ८८ ऐवजी १०० अक्षरांची, असल्या गोष्टी दोन दिवसांत मिटल्या. त्यांच्यावर जास्त लिहीत नाही.

तारखांच्या कुटुंबाबद्दल मात्र लिहायलाच हवं. फाइलमध्ये 'डीटीझेड' एवढी तीन अक्षरं टाकली आणि रफनं अकरा ठिकाणी बोट ठेवलं. सगळीकडे आम्ही टाइमझोन न सांगता आजची तारीख विचारली होती. लॅपटॉपवर त्यानं काही बिघडत नव्हतं. पण आमचा सर्व्हर यूटीसीवर चालतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे सव्वापाचला कॅन घेऊन आलेल्या माणसाचं दूध सर्व्हरच्या हिशेबानं आदल्या रात्री पावणेबाराला आलेलं. लवकर संकलन सुरू करणाऱ्या संस्थांत पहिल्या पंधरा-वीस उत्पादकांचं दूध कालच्या तारखेला पडत होतं. मी एका सचिवांना फोन करून विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "होय की, मी दर पंधरवड्याला वहीवरून बघून हातानं नीट करतो. मला वाटलं तुमचं सॉफ्टवेअर असंच आहे." वर्षभर ते गृहस्थ रात्री जागून आमची चूक पुसत होते. मी त्यांची माफी मागितली आणि त्याच आठवड्यात अकराही ठिकाणी 'एशिया/कोलकाता' घातलं. हा नियम सगळ्यांनी चालू करावा असं माझं ठाम मत आहे. भारतात बसून परदेशातल्या सर्व्हरवर कोड चालवणाऱ्यांनी तर नक्कीच.

यानंतरच्या सोमवारी रफचं स्वतःचं कुटुंब घेतलं, 'आरयूएफ'. आमच्या दोन लिप्यांच्या कामात याचा असा उपयोग होईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पावतीवर आकडे छापायला आमच्याकडे साधा तक्ता होता: इंग्रजी अंक डावीकडे, आपला अंक उजवीकडे, दहा ओळी. मराठीचा एक, कन्नडचा एक. आरयूएफ चालू केलं आणि दहातल्या फक्त शून्यावर इशारा आला. बैलहोंगलच्या पोरानं हाक मारली, "अक्का, हा शून्याला ओ म्हणतोय." खरंच तसं होतं. नियम आरयूएफ००१ सांगत होता की या मजकुरात फसवं अक्षर आहे, देवनागरी अंक शून्य. तुम्हाला लॅटिन लिपीतलं लहान ओ तर म्हणायचं नव्हतं ना?

नियमामागचा विचार बरोबर आहे. युनिकोडमध्ये दिसायला सारखी पण मुळात वेगळी अशी पुष्कळ अक्षरं आहेत आणि त्यांच्यामुळे कोडात न दिसणाऱ्या चुका शिरतात. रफ ती शोधतो. पण सगळा मराठी मजकूर तो लाल करत नाही. 'दुःख' लिहिलंत तर गप्प बसतो, कारण त्या शब्दात दुसरी स्पष्ट देवनागरी अक्षरं आहेत. शब्दात एखादं इंग्रजी अक्षर मिसळलेलं असलं किंवा अख्खा शब्दच फसव्या अक्षरांचा असला, तरच बोलतो. एकटं उभं असलेलं '०' म्हणजे अख्खा शब्द फसवा. आणि याच कारणानं त्यानं आमची दुसरी एक सवय पकडली. पावतीवर आम्ही 'दिनांक ः' असं लिहीत होतो, छापखान्यातल्या जुन्या पद्धतीनं, मध्ये जागा सोडून विसर्ग. रफ म्हणाला, हा विसर्ग आहे, तुम्हाला अपूर्णविराम हवा होता का? हवा तोच होता. अर्ध्या लेबलांत विसर्ग आणि अर्ध्यांत खरा अपूर्णविराम, म्हणून पावतीतून तारीख उचलणारं आमचं फंक्शन काही संस्थांत चालायचं आणि काहींत नाही. नुसत्या डोळ्यांनी ते कधीच सापडलं नसतं, दोन्ही दोन टिंबंच.

पण शून्यांचं काय करायचं? पोरांचं म्हणणं, नियमच बंद करूया, 'इग्नोर'मध्ये एक ओळ टाकली की झालं. माझंही मन तिकडेच झुकलं होतं. आमच्या कोडात शून्यं ठिकठिकाणी आहेत, प्रत्येकावर इशारा घेऊन काय करणार? बंद करायच्या आधी सगळे इशारे एकदा नीट वाचूया म्हणून मी यादी छापून घेतली. पेन घेऊन बसले. देवनागरी अंक शून्य, देवनागरी अंक शून्य, कन्नड अंक शून्य, परत देवनागरी. आणि मग एसएमएसच्या फाइलमधल्या इशाऱ्यात लिहिलेलं: कन्नड अनुस्वार.

कन्नडात शून्य आणि अनुस्वार दोन्ही दिसायला एकच, छोटं गोल वर्तुळ. कन्नड वाचणाऱ्यालाही एकटं समोर ठेवलं तर ओळखता येत नाही. पावतीच्या तक्त्यात खरं शून्य होतं आणि एसएमएसच्या तक्त्यात कुणाच्या तरी हातून अनुस्वार पडला होता. तेव्हा मला दोन महिन्यांपूर्वीची तक्रार आठवली. कित्तूरकडच्या एका संस्थेत सचिव एसएमएसमधली रक्कम कॉपी करून परताव्याच्या रकान्यात टाकायचे. काही रकमा घेतल्या जायच्या, काही नाही. आम्ही त्यांचा मोबाइल बदलून पाहिला, कीबोर्ड बदलला, फॉन्टवर संशय घेतला. दोन दिवस गेले आणि शेवटी "रक्कम इंग्रजीत टाइप करा" असं सांगून मोकळे झालो. पायथनचं 'इंट' फंक्शन देवनागरी आणि कन्नड अंक तसेच्या तसे वाचतं, त्याला भाषांतर लागत नाही. पण अनुस्वार हा अंकच नव्हे, म्हणून तिथे ते एरर देतं. अडकत होत्या त्या फक्त शून्य असलेल्या रकमा. ४५ जायची, ४० नाही.

मी त्या यादीच्या कागदावर त्या ओळीभोवती गोल केला आणि पोराला बोलावलं. तो पाच मिनिटं नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "अक्का, हे मीच टाइप केलंय." मी म्हटलं, तू केलंस, मी तपासलं आणि सही केली. आमच्या एडिटरनंही त्या अक्षराभोवती चौकट काढली असणार, त्याच्यात ती सोय आहे. पण मराठी-कन्नड मजकुरात चौकटी बघून बघून आमचे डोळे सरावले होते.

म्हणून नियम बंद केला नाही. रफमध्ये यासाठी वेगळी सेटिंग आहे, 'अलाउड-कन्फ्युजेबल्स'. ज्या फसव्या अक्षरांना मुभा द्यायची तेवढीच तिथे लिहायची. आम्ही दोनच लिहिली: देवनागरी शून्य आणि कन्नड शून्य. विसर्ग नाही, अनुस्वार नाही. म्हणजे परत कुणी शून्याच्या जागी एकटा अनुस्वार टाकला तर इशारा येणारच. या एका सेटिंगसाठी मी रफला पैकीच्या पैकी गुण देईन. पूर्ण नियम झाकून टाकणं आणि नेमकी दोन अक्षरं मोकळी करणं, यात केवढा फरक आहे ते आम्ही कित्तूरच्या सचिवांमुळे शिकलो.

आता सावध करण्याच्या दोन गोष्टी.

पहिली, फोल्डरच्या आत फोल्डर असतील तर. रफ प्रत्येक फाइलसाठी सगळ्यात जवळची सेटिंग फाइल घेतो आणि वरच्या फोल्डरमधली तिच्यात आपोआप मिसळत नाही. आम्ही रिपोर्टच्या फोल्डरमध्ये एका ओळीसाठी वेगळी रफ डॉट टॉमल ठेवली आणि तिथले बाकीचे सगळे नियम गेले. तीन आठवडे त्या फोल्डरमध्ये काहीच चूक निघत नव्हती म्हणून आम्ही खूश होतो. आतल्या फाइलमध्ये 'एक्स्टेंड' लिहून वरच्या फाइलचा पत्ता द्यावा लागतो, मगच वरचं सगळं खाली येतं.

दुसरी गोष्ट आपोआप दुरुस्तीची. 'फिक्स' दिलं की रफ फक्त सुरक्षित दुरुस्त्या करतो, कोडाचा अर्थ बदलू शकेल अशा वेगळ्या ठेवतो आणि त्यांच्यासाठी 'अनसेफ-फिक्सेस' असं मुद्दाम लिहावं लागतं. आमच्यातल्या एकानं घाईत ते लिहिलं. आम्ही डेटाबेससाठी एसक्यूएलअल्केमी ही पायथन लायब्ररी वापरतो. त्यात 'खातं बंद केल्याची तारीख बरोबर-बरोबर नन' (नन म्हणजे पायथनमध्ये 'काहीच नाही') असं लिहिलं की त्याची एसक्यूएल अट तयार होते. रफला ते साधं पायथन वाटतं, म्हणून त्यानं 'बरोबर-बरोबर'च्या जागी 'इज' घातलं. पायथननं ते तिथेच तपासून 'खोटं' ठरवलं, अट गेली आणि चालू सभासदांची यादी रिकामी. चाचण्यांत पकडलं गेलं म्हणून बरं. रफच्या कागदपत्रांत या नियमाखाली हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे, न वाचता बटण दाबलं ते आम्ही. आता तिथे एसक्यूएलअल्केमीचं स्वतःचं 'इज-अंडरस्कोर' फंक्शन वापरतो, रफचीही हरकत नाही आणि यादीही बरोबर येते.

चौघांच्या लॅपटॉपवर एकच आवृत्ती असावी म्हणून फाइलमध्ये 'रिक्वायर्ड-व्हर्जन' लिहून टाका. ही ओळ नव्हती तेव्हा एकाकडे पास आणि दुसऱ्याकडे नापास, यावरून दुपारचा चहा गार व्हायचा. कमिट करायच्या आधी प्री-कमिटमधून रफ चालतो आणि गिटहबवर पुन्हा एकदा. तिथे आउटपुटचा 'गिटहब' प्रकार निवडला की इशारा थेट बदललेल्या ओळीवर दिसतो.

जे मिळत नाही तेही सांगते. रफ फक्त पायथन बघतो. आमच्या मोबाइल अ‍ॅपचं जावास्क्रिप्ट त्याच्या कक्षेत नाही. फॅटच्या जागी एसएनएफचा दर लावला तर त्याला कळणार नाही, ते वाचायला माणूसच हवा. आणि इशारे सगळे इंग्रजीत. 'रफ रूल' लिहून नियमाचा क्रमांक दिला की छान, उदाहरणासकट खुलासा येतो, पण तोही इंग्रजीत. आमच्याकडे येणारी पोरं कन्नड किंवा मराठी माध्यमातली असतात, पहिले दोन महिने त्यांना हे जड जातं. म्हणून आम्ही फाइलमधल्या मराठी टिपा वाढवत नेल्या. आज फाइल साठ-पासष्ट ओळींची आहे आणि त्यातल्या निम्म्या टिपाच आहेत. नवीन माणूस आला की त्याला मी आधी ती फाइल वाचायला देते, कोड नंतर.

रात्रीचं तपासणं अजून मीच करते, पण आता अर्ध्या तासात होतं आणि तो अर्धा तास पूर्ण दराच्या गणितावर जातो. गेल्या महिन्यात म्हशीच्या दुधाच्या दरपत्रकात एका टप्प्याला दहा पैशांची चूक होती, ती मला पहिल्या वाचनात दिसली.

त्या दोन शून्यांच्या ओळीवर माझी मराठी टीप आहे. बैलहोंगलच्या पोरानं तिच्याखाली स्वतःहून कन्नडात एक लिहिलीय: सोन्ने, अनुस्वार अल्ल. शून्य आहे, अनुस्वार नव्हे.